मैदानाची अट

ताडकळस,
१२ जुलै १९४२

चि. वीरभद्रास गौरामावशीचे आशीर्वाद.

शाळेला सरकारी मदत मिळावी म्हणून केलेला माझा तिसरा अर्जही परत आला. पहिला मराठीत होता म्हणून आला. दुसरा उर्दूत केला, तर तो ठरलेल्या मापाच्या कागदावर नव्हता. तिसरा मापाच्या कागदावर केला, तर त्यावर शेरा पडला की पहिल्या दोन अर्जांच्या नकला सोबत जोडलेल्या नाहीत. ते दोन्ही अर्ज तुमच्याच दफ्तरात पडून आहेत! ज्याच्या खिशात माझा रुमाल आहे, तोच मला विचारतो की बाई, तुमचा रुमाल कुठे?

सिकंदराबादच्या आमच्या कॉन्व्हेंटात मदर म्हणत असत की मागताना लाजू नये, मागितले की मिळते. त्या बाईंनी उभ्या जन्मात देवाशिवाय कोणाकडे काही मागितले नसावे.

तुला सगळे ठाऊक आहे, पण दफ्तरात बसले की माणसे विसरतात, म्हणून पुन्हा सांगते. छत्तीस वर्षे सरकारच्या मुलींच्या शाळांत शिकवून मी पेन्शनीवर या गावी आले. सातव्या वर्षी सोडलेले जन्मगाव अठ्ठावन्नाव्या वर्षी पाहिले. इथे मुलींना शाळा नव्हती. मठाच्या पडवीत मी ती काढली, रीतसर परवानगी घेऊन. आज चौतीस मुली येतात. दुसरी शिक्षिका नागुबाई. माहेर इथले, सासर गंगाखेडचे. एकविसाव्या वर्षी नवरा गेला. हुशार आहे, गणित माझ्यापेक्षा बरे शिकवते. तिचे सासरे गुरुपादआप्पा यांनी तिला बोलीवर इथे ठेवले आहे. सरकारी पगार सुरू झाला तर राहू दे. नाही झाला तर पुढच्या पाडव्याला ते गाडी घेऊन येणार आणि तिला घरच्या कामाला नेणार. "फुकट राबायचं तर आपल्या घरी राबावं," असे ते मला तोंडावर म्हणाले. मी विषय बदलला. हे माझ्या बाबतीत फार क्वचित घडते.

माझे गुडघे गेले आहेत. नागुबाई गेली की शाळा गेली. म्हणून ही सरकारी मदत, तुमची इमदाद, पाहिजे, आणि पाडव्याच्या आत पाहिजे.

तू माझ्या बहिणीचा मुलगा. आठ वर्षे माझ्या घरी वाढलास. तुझा पहिला अलिफ मी हात धरून गिरवून घेतला. आता तू त्याच दफ्तरात कारकून आहेस. माझ्या अर्जांच्या कागदांची मिसल कोणत्या फळीवर झोपली आहे तेवढे बघ आणि तिला उठव.

तुझी मावशी,
गौराबाई


हैदराबाद,
५ ऑगस्ट १९४२

तीर्थस्वरूप मावशीस वीरभद्राचे शरणार्थ.

आपले पत्र पोचले. ते दफ्तराच्या पत्त्यावर आले, आणि चपराशाने सर्वांसमोर माझे नाव घेऊन हातात दिले. कृपा करून यापुढे घरच्या पत्त्यावर लिहावे. दिवस बरे नाहीत. कोणाचे पत्र कोण उघडतो ते सांगता येत नाही.

मिसल पाहिली. लढाईमुळे शाळांच्या सर्वसाधारण इमदादीला यंदा कात्री लागली आहे. त्या वाटेने गेलात तर दोन वर्षे काही होणार नाही. पण एक दुसरी वाट आहे. मुलींच्या शाळांतील खेळ व कसरतीसाठी या साली नवी रक्कम मंजूर झाली आहे, आणि तीत खेळ घेणाऱ्या शिक्षिकेचा पगार बसतो. जिल्ह्यांतून एकही अर्ज आलेला नाही. मुलींना खेळू देतो असे सरकारला लेखी कळवायला कोणतेच गाव तयार नाही.

अट एकच, पण कडक. शाळेच्या नेहमीच्या वापरात मैदान पाहिजे. ते सपाट पाहिजे आणि तपासणीच्या दिवशी तपासणीस साहेबांना डोळ्यांनी दिसले पाहिजे.

आणखी एक. अर्जात किंवा कोणाशी बोलताना आपले नाते काढू नये. आमच्या साहेबांना नात्यागोत्याचा वास आला की मिसल ढिगाच्या तळाशी जाते. मी आतून करता येईल तेवढे करीत आहे.

आपला,
वीरभद्र


ताडकळस,
२० सप्टेंबर १९४२

चि. वीरभद्रास आशीर्वाद.

मैदान मिळाले. कसे मिळाले ते ऐक, म्हणजे तुम्हा लोकांना कळेल की तुमची एक ओळ लिहायला किती सोपी असते.

आधी पाटलांकडे गेले. माणिकरावांनी सुपारी कातरता कातरता विचारले, "पोरींना मैदान? कामून?"

"खेळायला," मी म्हणाले.

"पानी आनायला इहीर हाय, सरपनाला रान हाय. दिसभर हुंदडायल्याच की त्या. आनिक येगळं मैदान काय करायचं?"

मी म्हणाले, पाटील, तुमचे चिरंजीव दिवसभर पारावर पत्ते खेळतात, त्यांना वेगळा पार कशाला? यावर त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि मला ताक दिले. मैदान दिले नाही.

मग मुंजाजी नावाचा शेतकरी भेटला. याच्या दोन मुली शाळेत आहेत. त्याने मला गावाच्या कडेला नेले. तिथे चांगली तीनचार बिघे मुरमाड जागा आहे, ताटासारखी सपाट. एक दगड नाही, एक खड्डा नाही. साऱ्या गावाची म्हणून तिच्यावर कोणी नांगर घालत नाही. मी विचारले, इथे आमच्या मुली खेळल्या तर चालेल? तो म्हणाला, "खेळा की बाई. रिकामीच तर हाय. कोन नगं म्हनतंय?"

तेवढ्यावर मी अर्ज केला आणि त्यात लिहिले: 'शाळेच्या वापरात बारमाही मैदान आहे.' गावच्या दहा जणांचे अंगठे घेतले.

आता रोज दुपारी शाळा सुटली की खेळ. लंगडी, आट्यापाट्या, हुतूतू त्यांना येतातच. मी त्यांना कॉन्व्हेंटातला राउंडर्स, चेंडू टोलवून पळायचा खेळ, शिकवला आहे. बॅट नाही म्हणून धुण्याचे धोपाटणे आणि चिंध्यांचा चेंडू. पहिल्या दिवशी मुंजाजीच्या धाकटीने चेंडू असा टोलवला की तो बाभळीवर अडकला. तिची आई धुरपताबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "अगं बया! धुनं असं बडव की घरी!"

अर्ज चौथ्यांदा लिहिलेला नाही, नव्या वाटेचा पहिला आहे, हे तुझ्या साहेबांना समजावून सांग. सर्व नकला जोडल्या आहेत. नकलांच्या नकलाही जोडल्या आहेत. आणि नाते काढलेले नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे. मला मात्र ते आवडले नाही.

गौराबाई


हैदराबाद,
२८ नोव्हेंबर १९४२

तीर्थस्वरूप मावशीस शरणार्थ.

आनंदाची बातमी. अर्ज पहिल्या चाळणीतून गेला. साहेबांनी तपासणीचा हुकूम केला आहे. मुलींच्या शाळांसाठी तपासणीस बाई असतात. पण त्या एकट्या, आणि त्यांचा दौरा दुसऱ्या जिल्ह्यात लागला आहे. म्हणून परभणीहून तपासणीस साहेब स्वतः येतील. जानेवारी, फेब्रुवारी की मार्च, यांतला कोणता महिना शाळेला सोयीचा तेवढे कळवायचे आहे. एकदा कळवले की बदलता येणार नाही.

त्यांचा अहवाल चांगला आला तर मंजुरी पाडव्याच्या आत निघू शकेल. तपासणीस साहेब जरा मानी आहेत. आपण बोलताना थोडे सांभाळून घ्यावे, ही विनंती.

वीरभद्र


ताडकळस,
१० डिसेंबर १९४२

चि. वीरभद्रास आशीर्वाद.

फेब्रुवारी कळवला आहे. जानेवारीत संक्रांतीच्या वाणासाठी निम्म्या मुली घरी राहतात. मार्चमध्ये साहेबांना ऊन लागेल आणि ते झाडाखाली बसून अहवाल लिहितील. फेब्रुवारीत हवा थंड, रस्ता कोरडा, कसली सबब नाही.

नागुबाई काहीतरी पुटपुटत होती. "बाई, माघात कसं जमंल..." मी म्हटले, माघात थंडी असते एवढेच ना? मुली धावल्या की थंडी जाते. ती पाट्या आवरायला लागली. या मुलीचा हाच दोष आहे. बोलायला लागली की अर्ध्यात थांबते.

सांभाळून बोलण्याचे मला शिकवू नकोस. मी छत्तीस वर्षे तपासणीस पाहिले आहेत. त्यांतल्या दोघांना बाराचा पाढा येत नव्हता.

गौराबाई


ताडकळस,
२० फेब्रुवारी १९४३

वीरभद्रा,

सगळे मातीत गेले.

या महिन्याच्या पाच तारखेला मी मुलींना घेऊन मैदानावर गेले, तर मैदान नाही! जिथे आमची धावपट्टी होती तिथे माणसे पाणी शिंपडून शेण सारवत होती आणि मधोमध लाकडाची मेढ पुरत होती. दुसऱ्या दिवशी तशा सात जागा. तिसऱ्या दिवशी गाड्यांनी शाळूची कणसे येऊन पडू लागली. मेढीभोवती बैल फिरायला लागले.

ही जागा गावाचे खळे आहे! शेतातल्या काळ्या मातीला भेगा पडतात, दाणा त्यात जातो, म्हणून सारे गाव मळणीला इथे येते. माघ आणि फाल्गुन, दोन महिने. उरलेले दहा महिने रिकामे. म्हणूनच ते ताटासारखे सपाट. पिढ्यान्‌पिढ्या बैलांनी तुडवून सपाट झालेले.

मी मुंजाजीला विचारले, हे आधी का नाही सांगितलेस? तो डोळे मोठे करून म्हणाला, "बाई, खळं माघात असतंय हे बी सांगावं लागतंय व्हय?"

मी म्हणाले, एक दिवस बैल सोडा, कणसे बाजूला घ्या. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी देवळातला देव हलवायला सांगितला. एकदा मांडलेले खळे मोडत नाहीत म्हणे. परभणीला तार केली, तपासणी पुढे ढकला. उत्तर नाही.

अठराला साहेब आले. पूर्णा स्टेशनवरून टांगा, मागे चपराशी, पायात घोट्याच्या वर चढणारे बूट. आदल्या संध्याकाळी मुंजाजीने आपली मळणी लवकर आटपून त्याचे खळे रिकामे करून दिले होते, हे त्याचे मला मान्य करायलाच पाहिजे. मुली तिथे एका ओळीत उभ्या, हातात धोपाटणे. पण तिथे जायचे तर दुसऱ्याच्या खळ्यातून जावे लागत होते, आणि तिथे त्या वेळी उपणणी, दाणा वाऱ्यावर देऊन भूस उडवण्याचे काम, चालली होती. साहेबांनी पाऊल उचलले. मुंजाजी आडवा झाला.

"साहेब, या. पर बूट भाईर."

साहेबांनी मला विचारले, हा गंवार काय बोलतो? मी सांगितले, धान्याच्या राशीजवळ पायताण चालत नाही. ते म्हणाले, मी सरकारी कामावर आहे, मशिदीत आलेलो नाही. हात जोडून विनंती करण्याची हीच वेळ होती. मी मात्र एवढेच म्हणाले, आणि तेही इंग्रजीत, की आमच्या कॉन्व्हेंटात उद्धट मुलांना सुद्धा दारात पाय पुसायला आठवड्यात शिकवत असत, आपल्याला किती दिवस लागतील?

एवढेच म्हणाले.

साहेब जागेवरून वळले. मुली हातात धोपाटणे घेऊन उभ्याच राहिल्या. टांगा गेल्यावर मुंजाजीच्या धाकटीने विचारले, "बाई, आता खेळू का?"

तुझ्या हातात काही असेल तर आत्ता कर. अहवाल तुमच्याकडे येईल. त्यात काय असेल ते मला माहीत आहे. फक्त एवढे कोणाला तरी समजाव की मैदान आहे, फक्त दोन महिने तिथे ज्वारी असते. ऑक्टोबरात या म्हणावे.

पाडव्याला दीड महिना उरला आहे.

गौराबाई


ताडकळस,
१५ मार्च १९४३

वीरभद्रा,

मागच्या पत्राचे उत्तर आले नाही. आज त्याचे कारण कळले.

दफ्तराचा हुकूम आला. 'मौजे ताडकळस येथे मैदान मौजूद नाही. गावकरी बेअदब आहेत. अर्जदार बाईंची जबान सरकारी इमदाद मागणाऱ्यास शोभणारी नाही. अर्ज खारीज.' खाली तुझ्या साहेबांची सही आहे. वरचा उर्दू मजकूर ज्याने लिहिला त्याच्या लाम अक्षराची वेलांटी खाली उतरताना किंचित थबकते. तसे का होते ते मला माहीत आहे. तू सहा वर्षांचा असताना तिथे मी तुझ्या बोटांवर पट्टी मारली होती.

हस्ताक्षर सुंदर आहे.

गौराबाई


ताडकळस, मिती फाल्गुन

हैद्राबादचे वीरभद्र साहेब यांना मुंजाजीचा रामराम.

हे पत्र मी सांगायलोय आन् नागुबाई लिहायल्यात. बाईंना म्हाईत न्हाई. तुमी बाईचे भाचे हायत आन् इमदादीच्या कचेरीत हायत, हे नागुबाईनं सांगितलं.

बाई दोन दिस जेवल्या न्हाईत. शाळंत येतेत, शिकवतेत, पर कुनाला रागवत न्हाईत. आमाला लय भ्याव वाटायलंय.

चूक आमची हाय. बाई ल्हानपनीच गावातून गेलेल्या, त्यांना खळ्याचं कळत न्हाई हे आमच्या ध्यानात आलं न्हाई. साहेबाला बूट काढा म्हनलो, त्यात मातर चूक न्हाई. तवा वाऱ्यावर दाना चालला व्हता. बाई सोता बूट घालून खळ्यात याच्या, धा दिस रोज आल्या. त्यांना आमी कदी बोललो न्हाई. त्या गेल्या की माझी धुरपता मागून सारवून घ्यायची. बाई आमच्या हायत, त्यांचं येगळं. साहेब कुठं आमचे हायत?

तुमी कागदात एवढं लिवा की खळं उठलं की जागा मोकळी. साहेबाला पुन्हा धाडा. आमी त्यांच्या बुटाला चांगली जागा करून ठिवतो.

मुंजाजीचा अंगठा


हैदराबाद,
२४ मार्च १९४३

तीर्थस्वरूप मावशीस वीरभद्राचे शरणार्थ.

लिहायला हात धजत नव्हता. सोबत मुंजाजींचे पत्र जोडले आहे. ते वाचल्यानंतर न लिहिणे शक्य झाले नाही.

हुकूम मीच लिहिला. अहवाल माझ्या मेजावर आला. आमच्या दफ्तरच्या साहेबांनी तो वाचून विचारले, "ये गौराबाई कौन है? तुम परभनी के हो, जानते हो?" मेजाभोवती चार जण होते. माझ्या बढतीचा कागद त्याच आठवड्यात त्यांच्यापुढे होता. मी म्हणालो, "मालूम नहीं, हुजूर."

त्यानंतर मजकूर लिहिणे सोपे गेले. ज्या बाईंना मी ओळखतच नव्हतो त्यांच्याबद्दल लिहायचे होते. शेवटी 'ऑक्टोबरात फेरतपासणी व्हावी' एवढी ओळ टाकणे कारकुनाच्या हातात असते. ती मी टाकली नाही. टाकली असती तर विचारले असते की का.

मी आतून काही करीत होतो हेही खरे नाही. अर्ज आपल्या गुणांवर पुढे गेला. मी फक्त बघत होतो.

मुंजाजींचे पत्र वाचल्यावर काल टिप्पणी ठेवली: मैदान खळ्याचे आहे, फेरतपासणी ऑक्टोबरात करावी, अर्जदार बाई माझ्या सख्ख्या मावशी आहेत व त्यांनी मला वाढवले आहे, हे मी आधी लपवले. साहेबांनी टिप्पणी वाचली आणि दाराकडे बोट केले. बढती गेली. बदली होईल असे म्हणतात, कुठे ते माहीत नाही. पण टिप्पणी मिसलीत नोंदली गेली आहे. ती आता कोणाला काढता येत नाही.

हे पाडव्याच्या आत उपयोगी पडणार नाही. क्षमा मागायला मला तोंड नाही.

वीरभद्र


ताडकळस,
११ एप्रिल १९४३

चि. वीरभद्रास आशीर्वाद.

मग मागू नकोस. मला राग आहे आणि तो काही दिवस राहील. कमी झाला की कळवीन. टिप्पणी ठेवलीस ते बरे केलेस. पण ती फेब्रुवारीत ठेवली असतीस तर जास्त बरे केले असतेस. बदली कुठेही होऊ दे. शाळा नसलेले गाव या राज्यात शोधावे लागत नाही.

मुंजाजीचे पत्र मी तीनदा वाचले. दुसऱ्या दिवशी खळ्याच्या कडेला बूट काढले, तर धुरपताबाई ओरडली, "बाई, काटे हायत, घाला की!" या गावात योग्य गोष्ट योग्य वेळी करण्याची काही सोयच नाही.

आता पाडव्याचे ऐक.

गुरुपादआप्पा बोलल्याप्रमाणे गाडी घेऊन आले. नागुबाईची पेटी मी आदल्या दिवशीच बांधून ठेवली होती. तेवढ्यात मुंजाजी आला, "नागुबाई, खळ्यावर चला. बाई, तुमी बी चला."

मळण्या संपल्या होत्या. राशी लागल्या होत्या. बलुतेदार आपले वाटे घ्यायला उभे होते. सुतार, लोहार, न्हावी, परीट, सगळे. दाणा घरी जाण्याआधी ज्याने वर्षभर गावाचे काम केले त्याचा वाटा खळ्यावरच काढतात, ही इथली रीत. मुंजाजीने आपल्या राशीतून वाटे घातले आणि म्हणाला, "आता मास्तरीणबाईचं."

माणिकराव पाटील तिथेच होते. "बलुतं बाराचं असतंय, मुंजाजी. ही कुठून काढली आनिक?"

"शिकवायल्या न्हाईत का त्या? सुतार नांगर करतो, ह्या पोरी करायल्यात."

"पोरी काय नांगराला जुपायच्यात?"

लिंबाजी सुतार म्हणाला, "पाटील, सरकारला धान्य घालायचा लेव्हीचा कागद आला तवा गावात वाचनारं कोन व्हतं? तुमचा गडी तिच्या दारात दोन येळा येऊन गेला की. मी बगितलंय." सगळे हसले. पाटील हसले नाहीत. लिंबाजी नागुबाईला म्हणाला, "फकस्त माझ्या मागं उभं ऱ्हायाचं. सुताराच्या पुढं कुनी न्हाई."

खरे सांगते, मला संताप आला. मी म्हणाले, नागुबाई, चल. शिक्षिका सूप घेऊन ओळीत उभी राहणार नाही. तिला पगार मिळायला पाहिजे, महिन्याच्या महिन्याला, सहीनिशी. ही काही पद्धत नव्हे.

तेव्हा ही मुलगी, जी नेहमी अर्ध्यात थांबते, ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी अर्जावर अर्ज केले. हितं कुनी मला अर्ज मागितला का?"

आणि जाऊन लिंबाजीच्या मागे उभी राहिली.

गुरुपादआप्पांचे तोंड लाल झाले. "आमच्या घरची सून पदर पसरनार?"

तिने पदर पसरला नाही. धुरपताबाईच्या हातून सूप घेतले आणि म्हणाली, "आप्पा, भीक असती तर मी घेतली नसती. लोहार घेतोय ती भीक हाय का?" आप्पांच्या घरी शेती आहे. त्यांच्या खळ्यावर दरसाल लोहार उभा राहतो.

एकवीस घरांनी वाटा घातला. पाटलांनी नाही. ज्यांची मुलगी शाळेत नाही त्यांनीही घातला. त्यांची अट निराळी: तहसिलीतून कागद आला की वाचून द्यायचा, परगावी पत्र लिहून द्यायचे, कधीही, कोणालाही. आणि शाळेत गावकुसाबाहेरच्या तीन मुली येतील, त्यांना पडवीत इतरांबरोबर बसवायचे. बलुतेदाराला घर निवडता येत नाही म्हणे. मी दोन वर्षे त्या मुलींना 'जागा नाही' म्हणून सांगत होते. जागा नव्हती हे खरे नव्हते. मठाची मंडळी काय म्हणतील याची मला भीती होती. नागुबाईने एका वाक्यात हो म्हटले. मठाची मंडळी काय म्हणतात ते आता दोघी मिळून ऐकतो आहोत. बरेच म्हणतात.

ज्वारी न्यायची कशात हा प्रश्न आला. मुंजाजी गुरुपादआप्पांना म्हणाला, "मामा, गाडी आलीच हाय, तर एक खेप घाला की." आप्पांनी खेप घातली. रात्री आमच्याकडे त्याच ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. सकाळी मला म्हणाले, "येका सालाचं झालं, बाई. दुष्काळ पडल्यावर काय?" ते रिकामी गाडी घेऊन गेले. 'पुढच्या पाडव्याला बघू' एवढेच बोलले. एक वर्ष मिळाले आहे, जास्त नाही.

मी वाटा घालणाऱ्या सगळ्यांना म्हणाले, पावती लिहून देते, घ्या. एकानेही घेतली नाही. छत्तीस वर्षांत पावती न घेता कोणी मला काही दिल्याचे आठवत नाही.

पण तुमच्या दफ्तराने यावरून असे समजू नये की गावाने सोय केली, आता आपण सुटलो. मुळीच नाही. ज्वारीने पाट्या येत नाहीत, आणि पाऊस न आल्यास ज्वारीही येत नाही. ज्या गावाकडून सरकार लेव्ही नेते, त्या गावातल्या मुलींना शिकवायचा खर्च त्या गावानेच पुन्हा राशीतून काढायचा? हा कुठला न्याय? इमदाद द्यायची ती सरकारने दिलीच पाहिजे. मी मागत राहीन.

सोबत नवा अर्ज आहे. फेरतपासणीसाठी ऑक्टोबर मागितला आहे. या वेळी तो मी लिहिलेला नाही. नागुबाईने लिहिला, उर्दूत, मापाच्या कागदावर, मला न विचारता. मी फक्त तपासला. एका रकान्यात 'हुद्दा' विचारला आहे. तिथे तिने 'शिक्षिका' लिहिले नाही. 'मौजे ताडकळसची बलुतेदार' असे लिहिले आहे.

मी म्हणाले, हे खोड, साहेब हसतील. तिने खोडले नाही. तसाच पाठवते आहे.

तुझी मावशी,
गौराबाई